चांगुणाच्या पोटातला गॅस

१७ मार्च १९८७, मंगळवार

परवा शिबिर. आज कारखान्याचं गोदाम पाहून आलो. यंदा ऊस नाही, म्हणून साखर नाही, म्हणून गोदाम मोकळं. हिंमतराव चेअरमन म्हणाले, "डॉक्टर, पोती न्हाईत तर बाया ठेवू." आणि स्वतःच हसले. मीही हसलो. चेअरमन हसल्यावर गप्प बसायची आमच्या भागात पद्धत नाही.

मार्चअखेर आली आणि कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांच्या उद्दिष्टात आमचं आरोग्य केंद्र जिल्ह्यात तळाला आहे. मागच्या बैठकीत उस्मानाबादला साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "तुमच्याकडं बायका नाहीत का हो?" सगळे खो खो हसले. ते हसणं अजून कानात आहे. पण आता माझ्याकडं दुर्बीण आहे, आणि पुण्याला जाऊन ती चालवायला मी शिकून आलोय. बेंबीखाली बोटभर छेद. सुईतून पोटात गॅस सोडायचा. पोट फुगलं की आतडी बाजूला सरकतात, दुर्बिणीतून गर्भनळ्या दिसतात, त्यांवर एकेक रबरी कडं चढवायचं आणि गॅस सोडून द्यायचा. एक टाका, आणि बाई संध्याकाळी घरी. जुन्या ऑपरेशनला बाई आठवडाभर खाटेवर पडून असायची.

शरणप्पा, आमचा ऑपरेशन थिएटरमधला मदतनीस, वयानं माझ्याहून मोठा आणि तोंडानं त्याहून मोठा. तो म्हणतो, "साहेब, तुमी पान लावल्यावानी ऑपरेशन करता." हे कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटलं. खरं तर त्यासाठीच आज वही काढली.

१९ मार्च, गुरुवार

दमलोय, पण झकास झालं.

सकाळपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून बायका आल्या. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, त्याप्रमाणे आल्या. गोदामात मळीचा जुना वास, वर पत्रे तापलेले. सगळं सुरळीत चाललं होतं आणि दुपारी गॅस संपला. बऱ्याच बायका अजून भिंतीला टेकून बसलेल्या. हिंमतराव म्हणाले, "आज परत गेल्या तर पुन्ना येत नसत्यात बरं का." ते मलाही ठाऊक होतं.

तेव्हा शरणप्पानं डोकं चालवलं. तुळजापुरात सोड्याच्या दुकानात हाच गॅस लागतो. कारखान्याची जीप गेली, टाकी घेऊन आली. पण तिचं तोंड आमच्या यंत्राला बसेना. यंत्र म्हणजे गॅसचा दाब दाखवणारी काट्याची पेटी, तिच्यातून गॅस पोटात जातो. मग मी ठरवलं, पेटी नकोच. रबरी नळीनं टाकी थेट सुईला जोडली, शरणप्पाला चावीवर बसवलं आणि पोटावर बोटं वाजवून अंदाज घेतला. टरबूज पारखतात तसं. पुण्याच्या सरांनी पाहिलं असतं तर फटकावलं असतं, नाहीतर पाठ थोपटली असती. हिंमतरावांनी तर थोपटलीच. "ह्याला म्हणत्यात डॉक्टर! न्हाईतर एकेक बसत्यात टाकीची वाट बघत."

शेवटाकडं एक बाई अवघड गेली. चांगुणा, व्यंकटची बायको, रोजगार हमीवर खडी फोडते. मागच्या बाळंतपणात काही दुखणं झालं असावं, आतली आतडी चिकटलेली. नळ्याच सापडेनात. शरणप्पाला म्हटलं, अजून सोड. अजून सोड. पोट दगडासारखं झालं. बराच वेळ तसंच ठेवावं लागलं. मध्ये प्रेमाबाई सिस्टर म्हणाल्या, नाडी बारीक लागतेय. पण तेवढ्यात एक नळी दिसली, मग हात कसा काढायचा? दोन्ही कडी बसवूनच थांबलो. सलाईनची शेवटची बाटली आधीच चक्कर आलेल्या एका बाईला लावली होती, त्यामुळं हिला मिळाली नाही. थोड्या वेळानं उठून बसली. ह्या बायका चिवट असतात.

लघवी झाल्याशिवाय बाईला घरी सोडायचं नाही असा नियम आहे. हा प्रश्न मी कधी विचारत नाही. परक्या बायकांसमोर तो शब्द माझ्या तोंडून निघतच नाही. आमच्या घरात तशी रीत नव्हती. ते काम प्रेमाबाईंचं. त्यांचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा. रांगेतून त्या विचारत गेल्या, "लघवी झाली का गं?" आणि एकेक बाई "झाली" म्हणत गेली. नवरे, सासरे, ड्रायव्हर सगळे तिथंच उभे. कुणाचीच राहिली नव्हती. एवढं सुरळीत काम सरकारी खात्यात क्वचित होतं.

२१ मार्च, शनिवार

सकाळी दवाखाना उघडायच्या आत व्यंकट दारात उभा. "सायेब, तिला वकारी थांबंना. तोंड सुजलंय. आन्..." पुढचं त्याला बोलवेना. शेवटी प्रेमाबाईंनी दरडावलं तेव्हा म्हणाला, "लगवीच न्हाय. परवापासनं."

"परवापासून? अहो, झाली म्हणाली होती ना ती!" प्रेमाबाई ओरडल्या.

जाऊन पाहिलं. चेहरा सुजलेला, जीभ कोरडी, श्वास खोल. ओटीपोटावर हात ठेवला. मूत्राशय रिकामं. म्हणजे अडकलेली नाही, तयारच होत नाही. तिथंच मला काय ते कळलं, आणि लगेच दुसरी कारणं शोधायला लागलो. मुतखडा असेल. कुणी जडीबुटी दिली असेल. आधीचंच काही असेल. तिच्या सासूला, मथुराबाईला, तीनदा विचारलं, काही पाला वाटून दिला का? ती म्हणाली, "प्यायला पाणी न्हाय सायेब, पाला कुठला?"

हिंमतरावांनी जीप दिली. मी स्वतः सोबत गेलो. सोलापूरच्या रस्त्यावर तिचं डोकं मथुराबाईच्या मांडीवर आणि खड्डा आला की दोघी एकदम "आई गं" करायच्या. मी पुढं बसलो होतो. मागं वळून पाहिलं नाही.

२२ मार्च, रविवार

सोलापूरला डॉ. बलभीम आहेत, कॉलेजात माझ्या पुढं होते. त्यांच्या देखरेखीखाली तिला ठेवलं. त्यांनी मला बाजूला घेऊन एका कागदावर चित्र काढून समजावलं, जसं मी अजून विद्यार्थी आहे. पोटात गॅस भरला की तो चहूबाजूंनी दाबतो. मूत्रपिंडाच्या शिरा दाबल्या जातात, मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं, लघवी कमी होते. धडधाकट माणसाला काही होत नाही. गॅस काढला की थोड्या वेळात सगळं पूर्ववत. पण बाई आधीच तहानेनं वाळलेली, वर गॅस जास्त, वर वेळ जास्त, मध्ये नाडी बारीक झालेली. मग मूत्रपिंडं काम थांबवतात. यात कुणाचा वाटा किती, ते नक्की सांगता येत नाही म्हणाले.

मग विचारलं, "दाब किती ठेवला होतास?"

मी म्हणालो, "पंधराच्या आतच." पुस्तकातली मर्यादा तेवढीच.

ते "हं" म्हणाले आणि लिहून घेतलं. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शंका घ्यायचं त्यांना काही कारणच नव्हतं. मी त्यांच्याच कॉलेजचा.

दाब किती होता ते मला माहीत नाही. पंधरा असेल, चाळीस असेल. पेटीच लावली नव्हती. हे इथं लिहितोय, कारण इथं कुणी विचारणार नाही.

२४ मार्च, मंगळवार

लघवी नाही. पोटात नळी घालून औषधाचं पाणी आत सोडतात, थोडा वेळ ठेवतात, काढून घेतात, की त्यासोबत रक्तातलं विष बाहेर यावं. पुन्हा तिचं पोट फुगवायचं आणि उतरवायचं. मी बघत उभा राहू शकलो नाही. काम आहे सांगून गावी आलो.

केंद्रावर आलो तर ती रबरी नळी दिसेना. शरणप्पानं फेकून दिली असावी. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघंही हवेवर बोललो. उन्हाळा यंदा लवकर लागला म्हणालो.

२६ मार्च, गुरुवार

सोलापूरला गेलो. मथुराबाई वॉर्डबाहेर बसली होती. आज तिच्याशी नीट बोललो. म्हणजे तीच बोलली.

"सायेब, त्या दिशी ती सकाळधरनं पाण्याचा थेंब प्यायली न्हवती. म्याच पिऊ दिलं न्हाय."

"उपाशी यायला सांगितलं होतं, पण पाणी पहाटेपर्यंत चाललं असतं," मी म्हणालो.

"उपाशीचं न्हाय वो. प्यायलं की जायला लागतंय. जायचं कुठं? यंदा रानात उभं पीक हाय का? ज्वारी असती तर आडोसा झाला असता. तुमच्या गोदामाभवती सगळं उघडं, आन् चारी बाजूनं बापे. आमी आदल्या सांजेपासनंच प्यायचं बंद केलतं. समद्याच बाया तशाच आलत्या."

दुष्काळात पीक नसतं, हे मला माहीत होतं. पीक नाही म्हणजे बायकांना आडोसा नाही, हे कधी डोक्यातच आलं नाही. कोरड्या पडलेल्या बायकांची रांग मी गोदामात बसवली होती, आणि वाखाणलं काय, तर रांग सरळ होती ते.

मग आत गेलो. चांगुणा शुद्धीवर होती. बारीक आवाजात म्हणाली, "सायेब, लगवी झाली म्हणून म्या खोटं सांगितलं. समद्या बाया झाली म्हणत हुत्या. मामंजी उबं हुते. माझ्या एकटीच्या पायी ट्रॅक्टर थांबला असता."

आणि मला बरं वाटलं. एकदम हलकं वाटलं, पोटावरचा धोंडा कुणी उचलावा तसं. चला, खोटं ती बोलली! वाटलं ते असं वाटलं. एका मरणाच्या दारातल्या बाईनं माझी सुटका केली, आणि मी तिला म्हणालो, "असं खोटं बोलू नये, चांगुणा." वर हेही म्हणालो.

३१ मार्च, मंगळवार

काल पाडवा झाला. आज वर्ष संपलं. आमचं केंद्र तळाचं राहिलं नाही. अभिनंदनाचा फोन आला. यंत्राला बसणारी नवी टाकी जिल्ह्यावरून येऊन पडली आहे.

आज केंद्रावर लहान शिबिर होतं. यावेळी पाण्याचे माठ ठेवले, मागं तट्ट्यांचा आडोसा बांधून घेतला. प्रेमाबाई बायकांना समजावत होत्या, "खरं सांगायचं बरं का! त्या चांगुणासारखं करू नका. खोटं बोलली आन् आता सोलापुरात पडलीय. डॉक्टरांच्या डोक्याला ताप." बायका एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावत होत्या. एक म्हणाली, "लई शाणी हाय म्हणं ती."

मी आत हात धूत होतो. सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ हात धूत राहिलो. पाणी किती वाया गेलं.

प्रेमाबाई हल्ली माझ्याशी नजर मिळवत नाहीत. त्यांना कसली भीती वाटते कोण जाणे. त्यांची तर काहीच चूक नाही.

५ एप्रिल, रविवार

लघवी सुरू झाली! डॉ. बलभीमांनी कारखान्याच्या फोनवर निरोप दिला. आधी थोडी, मग भरपूर. मूत्रपिंडं पुन्हा चालू लागली. वाचली. मी ऑफिसातच मोठ्यानं "लघवी झाली!" म्हणालो. कारखान्याचे सगळे क्लार्क बघायला लागले. शरणप्पा बाहेर बसला होता, त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोंड दुसरीकडं केलं.

आता डॉ. बलभीमांना खरं सांगून टाकावं का? उपचाराला आता फरक पडत नाही. मग सांगून उपयोग काय? हा प्रश्न मी इतक्या सोयीनं विचारलाय की त्याचीच लाज वाटते.

१४ एप्रिल, मंगळवार

चांगुणा घरी आली आहे. आज जयंती. व्यंकट पांढरे कपडे घालून बोलवायला आला. "सायेब, संध्याकाळी मिरवणूक हाय. तुमी यायला पायजे. तुमच्यामुळं बाई वाचली." घरातले हरभरे फडक्यात बांधून आणले होते.

त्याला म्हणालो, ताप आल्यासारखं वाटतंय. हरभरे ठेवून घेतले.

जाता जाता म्हणाला, "म्या तिला लई बोललो सायेब. खोटं बोलायची काय गरज हुती म्हनलं. आता ती बोलतच न्हाय कुनासंगं. मुकादम बी तिला कामावर घीना. म्हनतो, दुखणं लपवती, खडीवर मेली तर माझ्या गळ्याला फास."

मी म्हणालो, "बोलू नको रे तिला." एवढंच. चूक तिची नव्हती, हे तीन शब्द त्याच वाक्यात बसले असते.

२८ एप्रिल, मंगळवार

हिंमतरावांनी सत्काराचा घाट घातलाय. एक मेला, कारखान्यावर झेंडावंदनानंतर. "एका गरीब भगिनीचा जीव वाचवल्याबद्दल." मी नको नको म्हणालो. ते म्हणाले, "नको म्हणणाराचाच सत्कार करायचा असतो. मागणाराचा काय, कुणीबी करतंय." नळी-टाकीचं त्यांना सगळं माहीत आहे. जीप त्यांचीच गेली होती. मग हे मुद्दाम चाललंय का? नाही, तसं नसावं. माणूस दिलदार आहे. जिल्ह्याचे साहेब येणार आहेत, म्हणून उत्साह.

मी ठरवलंय. तिथं उभं राहून सगळं सांगायचं. सगळ्यांसमोर. त्याशिवाय सुटका नाही.

१ मे, शुक्रवार

झालं. सांगितलं. आणि काहीच झालं नाही.

आधी फेटा, शाल, नारळ. मग हिंमतरावांनी चांगुणाला पुढं आणलं. जीप पाठवून घरून आणलं होतं. अंगावर जुनंच लुगडं, गळ्याची हाडं वर आलेली. माईक तिच्या तोंडाला लावला. "बोल, बाई. घाबरू नको." ती म्हणाली, "म्या खोटं बोलले. डाक्टरसायबाची काय बी चूक न्हाय." कुणीतरी शिकवल्यासारखं एका दमात. मग तिनं मला हार घातला. हात वर न्यायला त्रास होत होता, म्हणून मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मी नम्र आहे.

मग मी बोललो. घरून पाठ करून गेलो होतो. "त्या दिवशी उदरातील वायूचा दाब मोजण्याची सुविधा उपलब्ध नव्हती. अतिरिक्त दाबाचा मूत्रपिंडांवर विपरीत परिणाम संभवतो. जे घडलं, त्याची नैतिक जबाबदारी मी स्वीकारतो."

मग हिंमतरावांनी माईक ओढला. "बघा मंडळी! ह्याला मोठेपणा म्हणत्यात! स्वतःची काय बी चूक नसताना जबाबदारी घेतली. असा डॉक्टर दुसरीकडं दाखवा!" टाळ्या थांबेनात. जिल्ह्याच्या साहेबांनी उठून हात मिळवला. मागच्या बैठकीतले तेच साहेब.

चांगुणा खाली बसली होती. तिला माझ्या भाषणातलं काय कळलं असेल? 'वायू', 'विपरीत', 'संभवतो'. मी असे शब्द का निवडले? कुणाला कळू नये म्हणूनच ना. म्हणजे कबुलीही मी अशी दिली की ती कुणाला लागू नये. हजार माणसांत उभा राहून मी पुन्हा एकदा लपलो, आणि लपल्याची शाल घेऊन घरी आलो.

३ मे, रविवार

डॉ. बलभीमांना पत्र टाकलं. सरळ लिहिलं, दाब मोजला नव्हता, पंधरा खोटं. ते काय करतील ते करोत.

हे सोपं गेलं. ते आमच्यातले आहेत.

५ मे, मंगळवार

आज सकाळी चालत गेलो. जीप नको म्हटलं.

त्यांच्या वस्तीवर टँकर यायचा होता. घागरींची रांग लांब लागलेली. चांगुणा आपल्या घागरीजवळ बसून होती. तिला अजून उचलवत नाही, नंबर तेवढा ती धरते, भरून मथुराबाई नेते. मला पाहून बायका सावरून बसल्या. "जयभीम, सायेब," मथुराबाई म्हणाली. मीही जयभीम म्हणालो आणि चांगुणाजवळ उकिडवा बसलो. हळूच म्हणालो, "तुझी चूक नव्हती, चांगुणा. माझी होती."

तिनं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"असं हळू नगं," ती म्हणाली. "आत्याबाईंना ऐकू यील असं म्हना."

मी उभा राहिलो. मथुराबाईला म्हणालो, "हिची चूक नव्हती. माझी होती."

"मंग परवा माईकात तुमी काय म्हनला?"

"तेच म्हणालो होतो."

"आमाला न्हाय कळलं," चांगुणा म्हणाली. "आमच्या बोलीत म्हना."

आता सगळी रांग ऐकत होती. मी सांगितलं. पोटात गॅस किती जातोय ते दाखवणारी पेटी असते. ती मी लावली नाही. सोड्याच्या दुकानातली टाकी आणली, तिला ती बसत नव्हती, आणि मला तर कामं उरकायची होती. हिच्या पोटात मी जास्त गॅस सोडला, फार वेळ तसंच फुगवून ठेवलं. सिस्टर म्हणाल्या नाडी बारीक आहे, तरी थांबलो नाही. त्यानं मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं. त्यानं लघवी बंद झाली. तुम्ही सगळ्या तहानलेल्या आला होता, तेही मी कुणाला विचारलं नाही.

एकीनंही पाणी विचारलं नाही. पाणी नव्हतंच म्हणा अजून.

मथुराबाई घागरीच्या काठावर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "आन् हिनं खरं सांगितलं असतं तर? झाली न्हाय म्हनली असती तर?"

हा प्रश्न मला नको होता. त्यात माझ्यासाठी अजून एक दार उघडं होतं.

"तर मी ठेवून घेतलं असतं," मी म्हणालो. "दोन दिवस आधी सोलापूरला गेली असती, त्रास कमी झाला असता. पण घाव तोवर घातलेलाच होता. आणि पुरुषांच्या घोळक्यात असं विचारल्यावर कोण खरं सांगणार? मी स्वतः येऊन तिच्या पोटावर हात ठेवायला हवा होता. मला लाज वाटली, म्हणून मी आलो नाही."

रांगेच्या टोकाला केशरबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. ऐकायला कमी येतं. ती ओरडली, "काय म्हनतोय त्यो?"

कुणीच तिला सांगेना. सगळ्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग मीच तिच्याजवळ गेलो आणि तिच्या कानाशी वाकून सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी वाईट ऐकू आलं.

म्हातारी म्हणाली, "आन् शाल तुला का रं दिली?"

मी सरळ उभा राहिलो आणि रांगेकडं वळलो.

मला वाटलं, झालं. आता मन मोकळं होईल. काही झालं नाही. उलट त्या सगळ्या बायका माझ्यासमोर होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच त्या दिवशी माझ्याच टेबलावर होत्या. सोड्याच्या टाकीनंतर कुणाकुणाचा नंबर लागला, हे मला आठवतही नव्हतं. त्या मात्र आठवत असाव्यात. एकीनं पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

चांगुणा उठली. पदर डोक्यावर घेतला. मथुराबाईला म्हणाली, "आत्याबाई, घागर बघा." मथुराबाई सुनेच्या जागी जाऊन बसली.

"मुकादमाला बी सांगा," चांगुणा मला म्हणाली.

"सांगतो. उद्या केंद्रावर बोलावून घेतो त्याला."

"उद्या न्हाय. आत्ता खडीवर हाय त्यो."

"ऊन फार आहे, चांगुणा. तू बस, मी जातो."

"म्या येते," ती म्हणाली. "न्हाईतर तुमी त्याला त्या माईकातल्या बोलीत सांगाल."

ती पुढं, मी मागं. सावकाश चालत होती, मध्ये दोनदा थांबली, पण मागं वळली नाही. खडीवर सगळ्यांचे हातोडे थांबले. मुकादम लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून धडपडत उठला, पंच्यानं खुर्ची झटकली. "या साहेब, या. बसा, बसा. आरं, साहेबांस्नी पाणी आना."

"बसायला न्हाय आले ते," चांगुणा म्हणाली. "सांगायला आलेत."

मी उभ्यानंच सांगितलं.